सौर आरशांवरील वाऱ्याचा भार : कृषी संशोधनाने हाती घ्यावयाचा प्रश्न

शिर्डीच्या साईबाबा संस्थानच्या प्रसादालयासाठी २००९ मध्ये प्रत्येकी १६ चौरस मीटरच्या ७३ शेफलर तबकड्या बसविण्यात आल्या आणि सूर्याच्या उष्णतेवर तयार होणाऱ्या वाफेने भाविकांचे अन्न शिजू लागले. त्याआधी लातूरच्या दुग्धशाळेत सुमारे १६० चौरस मीटरचा ‘अरुण’ हा अवाढव्य सौर आरसा दुधाच्या पाश्चरीकरणासाठी उभा राहिला होता. राजस्थानात आबू रोड येथे प्रत्येकी ६० चौरस मीटरचे ७७० आरसे वीजनिर्मितीसाठी उभारले गेले. सौर आरशांचे तंत्र आपल्याकडे आता नवखे राहिलेले नाही, आणि त्याच्या लहान आवृत्त्या फळे-भाजीपाला वाळविणे, दूध तापविणे, रस आटविणे यांसारख्या प्रक्रिया उद्योगांसाठी शेतकरी गट व बचत गट यांच्यापुढे अधूनमधून मांडल्या जात आहेत.

अशा यंत्रणेच्या माहितीपत्रकात तापमान किती मिळेल, तासाला वाफ किती होईल, इंधन किती वाचेल आणि भांडवल किती वर्षांत वसूल होईल, हे सारे तपशीलवार छापलेले असते. वाऱ्याबद्दल मात्र, असलीच तर, एक ओळ असते : ‘ताशी अमुक किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात सुरक्षित.’ हा आकडा कोणत्या उंचीवरच्या वाऱ्याचा, सरासरीचा की क्षणिक झपाट्याचा, आरसा कोणत्या स्थितीत असतानाचा, आणि तो मोजला की गृहीत धरला, याची विचारणा प्रस्ताव तपासणारा अधिकारी करीत नाही आणि पुरवठादार ती माहिती आपण होऊन देत नाही. आरशाची कार्यक्षमता दोन टक्क्यांनी कमी भरली तर गटाचा तोटा थोडका असतो. पायातून उपटलेला आरसा मात्र गटाच्या अंगावर कर्ज ठेवून जातो, आणि त्या वेळी जवळ कोणी काम करीत असेल तर त्याहून वाईट घडू शकते. म्हणून वाऱ्याच्या भाराचा प्रश्न स्थापत्य अभियंत्यांचा म्हणून बाजूला सारणे कृषी संशोधन संस्थांना शोभणारे नाही. तो प्रश्न मुळात शेतीतूनच वाढलेला आहे, हे पुढे दिसेलच.

प्रथम साधा हिशेब पाहू. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. भारतीय मानकात यासाठी जे सूत्र वापरले जाते त्यानुसार वेग मीटर प्रतिसेकंद या एककात घेऊन त्याचा वर्ग करावा आणि त्यास ०.६ ने गुणावे, म्हणजे दर चौरस मीटरवरील दाब न्यूटनमध्ये मिळतो. वाऱ्यासमोर उभ्या धरलेल्या सपाट फळीसाठी या दाबास आणखी सुमारे १.२ या गुणांकाने गुणावे लागते. सोळा चौरस मीटरची तबकडी वाऱ्यासमोर उभी आहे असे धरले, तर ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्यात तिच्यावर सुमारे ११७ किलो वजनाइतका रेटा येतो. वारा दुप्पट, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर झाला की रेटा चौपट होतो : सुमारे ४७० किलो. पुण्यासाठी मानकात दिलेला मूलभूत वेग ३९ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर आहे. त्या वेगाला हाच रेटा पावणेदोन टनांच्या पुढे जातो.

आता हा रेटा पायावर काय करतो ते पाहावे. तबकडीचा मध्य जमिनीपासून अडीच मीटर उंच असेल आणि ती एकाच खांबावर असेल, तर ४७० किलोचा रेटा खांबाला उलथविण्यासाठी सुमारे १,१७५ किलो-मीटर इतके परिबल निर्माण करतो. एक मीटर लांब, तितकाच रुंद आणि तितकाच खोल असा काँक्रीटचा ठोकळा सुमारे २,४०० किलो वजनाचा असतो. स्वतःच्या वजनाने तो उलथण्यास जो विरोध करतो तो अर्धा मीटर गुणिले २,४०० किलो, म्हणजे १,२०० किलो-मीटर. दोन्ही संख्या जवळपास सारख्या आहेत. ताशी ७० किलोमीटरचा झपाटा ही काही चक्रीवादळाची गोष्ट नव्हे. वळवाच्या पावसाआधी विदर्भ-मराठवाड्यात, काळबैशाखीत बंगाल-ओडिशात, आणि आंधीच्या वेळी उत्तर भारतात तो जवळपास दर वर्षी येतो. अर्थात, ठोकळ्याभोवतीची माती बाजूने आधार देते आणि सांगाड्याचे वजनही थोडी मदत करते. या मातीकडे पुन्हा वळावे लागेल.

हिशेबातील १.२ हा गुणांक कोठून येतो, हा खरा मुद्दा आहे. तो विंड टनेल, अर्थात वातविवर, या साधनातून येतो. मोठ्या पंख्याने एका लांब बोगद्यात हवा वाहती ठेवायची, तीत वस्तूची लहान प्रतिकृती उभी करायची आणि तिच्या बैठकीवर येणारे बल मोजायचे. कल्पना साधी आहे. पण बोगद्यातला वारा कसा असावा, या प्रश्नाने अनेक शास्त्रांना चकविले आहे, आणि त्यांत कीटकशास्त्रही आहे.

कामगंध सापळा आज प्रत्येक विस्तार कार्यकर्त्याच्या परिचयाचा आहे. नर पतंग मादीच्या गंधाकडे वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने कसा उडत जातो, हे केनेडी आणि मार्श यांनी १९७४ मध्ये वातविवरात दाखवून दिले आणि त्यानंतर हे साधन कीटकशास्त्राच्या प्रयोगशाळांत रुळले. विमानविद्येकडून आलेल्या सवयीप्रमाणे या वातविवरांतील हवा शक्य तितकी संथ आणि एकसारखी ठेवली जाई, कारण प्रयोग ‘स्वच्छ’ व्हावा अशी अपेक्षा असे. परंतु शेतात गंध एकसारखा पसरत नाही. वाऱ्याच्या खळबळीने त्याचे तुकडे पडतात, धागे होतात, मध्ये मोकळ्या जागा राहतात. साठवणीतल्या कोरड्या मालावर जगणाऱ्या कॅड्रा कॉटेला या पतंगावर १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखविले की, गंधाचे असे तुटक झोत मिळाले म्हणजे पतंग वेगाने व सरळ उगमाकडे जातो, आणि गंधाचा एकसंध ढग दिला की त्याची वाटचाल अडखळते. खळबळ हा प्रयोगातला दोष समजून जिला बाहेर ठेवले, तिच्याच आधारे पतंग दिशा शोधीत होता.

वाऱ्याच्या भाराचे शास्त्र हाच धडा त्याआधी शिकले होते, आणि तोही शेताच्या बांधावर. डेन्मार्कचे मार्टिन जेन्सन हे अभियंते वारारोधक झाडांच्या रांगांचा अभ्यास करीत होते. अशा रांगांच्या आडोशाला वारा किती मंदावतो आणि त्याचा हवामानावर व पिकांवर काय परिणाम होतो, यावरचा त्यांचा ग्रंथ १९५४ मध्ये निघाला. शेतातील मोजमापे आणि गुळगुळीत तळाच्या वातविवरातील मोजमापे जुळत नाहीत, हे त्यांच्या ध्यानी आले. उघड्यावर उभारलेल्या एका छोट्या घराच्या भिंती-छपरावरील दाबांची तुलना करून त्यांनी १९५८ मध्ये नियम मांडला : प्रतिकृती जितक्या पटीने लहान, तितक्याच पटीने लहान असा खडबडीतपणा बोगद्याच्या तळालाही हवा. शेत, गवत, कुंपणे, झाडे यांवरून घासत येताना वारा जमिनीलगत मंदावतो आणि त्याच वेळी खळबळीचा होतो. हा थर, ज्याला सीमास्तर म्हणतात, बोगद्यात उभा केल्याशिवाय घर असो वा आरसा, त्यावरचा खरा भार कळत नाही. विमानासाठी बांधलेले वातविवर उंचावरच्या स्वच्छ हवेची नक्कल करते. जमिनीवरच्या वस्तूला जमिनीवरचा वारा लागतो.

सौर आरशांच्या बाबतीत हे काम मुख्यतः अमेरिकेतील कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात झाले. हे विद्यापीठ स्थापनेच्या वेळी कृषी महाविद्यालय होते, ही बाब कृषी संशोधकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. तेथे जॅक सर्माक यांनी १९६० च्या दशकात नैसर्गिक वाऱ्याचा सीमास्तर निर्माण करणारे लांब वातविवर उभारले. पुढे जॉन पीटर्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलिओस्टॅट, म्हणजे सूर्यामागे फिरून उंच मनोऱ्यावर प्रकाश टाकणारे सपाट आरसे, आणि अन्वस्ताकार तबकड्या यांच्या प्रतिकृतींवर चाचण्या केल्या. त्यांची रचनापद्धती १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आजही जगभरचे अभियंते तिच्यापासून सुरुवात करतात. त्यानंतर लांब पन्हळीसारख्या अन्वस्ताकार आरशांच्या चाचण्याही झाल्या. पुढे जर्मनी आणि ऑस्ट्रेलिया येथील संशोधकांनी या कामात भर घातली.

या चाचण्यांतून हाती आलेल्या काही गोष्टी विस्तार कार्यकर्त्यांनाही उपयोगी आहेत. आरसा वाऱ्यासमोर उभा असतो तेव्हा त्याला मागे ढकलणारा रेटा सर्वाधिक असतो, हे अपेक्षितच आहे. पण तो तिरका झाला की उचलणारे बल वाढते, आणि ते साधारण ३० अंशांच्या आसपास कमाल होते. म्हणजे सर्वांत वाईट स्थिती एकच नसते. पायाला एक स्थिती घातक, बिजागरीला दुसरी, आणि फिरविणाऱ्या दंडाला तिसरी. वाऱ्यातील खळबळ सुमारे दहा टक्क्यांच्या वर गेली की भाराचे गुणांक लक्षणीय वाढतात, हा पीटर्का यांचा निष्कर्ष होता. उघड्या शेतात जमिनीलगत खळबळ याहून जास्तच असते. संथ हवेतील चाचणीवरून घेतलेला गुणांक म्हणूनच शेतात कमी पडतो.

वादळाची चाहूल लागली की आरसा आडवा करून ठेवतात. संथ हवेच्या वातविवरात आडव्या फळीवर जवळपास काहीच भार येत नाही, कारण वारा तिच्या कडेवर येतो. खऱ्या वाऱ्यात मात्र हवेचे भोवरे वरखाली हलतात. एक झपाटा किंचित खालून येतो, पुढचा वरून, आणि आडवा आरसा सूप पाखडावे तसा हलविला जातो. या स्थितीतले क्षणिक कमाल भार सरासरीच्या हिशेबात दिसतच नाहीत. ज्या स्थितीला आपण ‘सुरक्षित’ म्हणतो, तिच्यातच संथ बोगद्याचे उत्तर सर्वांत फसवे ठरते.

तिसरा निष्कर्ष रांगांचा. मोठ्या प्रकल्पात बाहेरच्या रांगेतील आरसे वारा अंगावर घेतात आणि आतल्यांना आडोसा मिळतो. त्यामुळे आतील आरशांचे सांगाडे हलके करता येतात, भोवती सच्छिद्र कुंपण घालता येते, आणि पोलादाची बचत होते. ही बचत प्रकल्पाच्या अर्थकारणाचा भाग असते. गावातल्या प्रक्रिया केंद्राचा आरसा मात्र एकटा असतो. त्याला आतली रांग नसते. कायम तो बाहेरचाच. मोठ्या प्रकल्पातील हलक्या सांगाड्याचे आराखडे पाहून ‘तिथे चालते तर इथे का नाही’ असे म्हणणारा फॅब्रिकेटर नकळत आडोशातला भार उघड्यावर वापरीत असतो.

एकटेपणाशिवाय आणखी तीन गोष्टी आपल्या शेतातला आरसा वातविवरातल्या आरशापासून वेगळा करतात. पहिली माणसाची. मोठ्या प्रकल्पात वेगमापकाने इशारा देताच सारे आरसे आपोआप आडवे होतात. गावात दुपारी तीन वाजता ढग दाटून येतात तेव्हा केंद्रातल्या ताई वाळत घातलेला माल आत घेण्यात गुंतलेल्या असतात, वीज बहुधा तेव्हाच गेलेली असते, आणि वादळाचा पहिला झपाटा पावसाच्या आधी, काही मिनिटांच्या सूचनेवर येतो. आरसा ज्या स्थितीत वाफ करीत होता त्याच स्थितीत त्याला गाठले जाणार, हे गृहीत धरूनच रचना व्हावयास हवी. ‘आडवा केल्यास सुरक्षित’ ही अट गावातल्या वापराला पुरेशी नाही. वीज नसताना एकट्या व्यक्तीला हाताने तो दोन-तीन मिनिटांत आडवा करता येत नसेल, तर ती अट केवळ कागदावरची होय.

दुसरी गोष्ट शेताची. वारा जमिनीलगत किती मंदावेल हे पिकाच्या उंचीवर व दाटीवर अवलंबून असते. उभ्या उसाशेजारी आणि नांगरून टाकलेल्या रानाशेजारी एकाच दिवशी वाऱ्याचा वेग सारखा नसतो. रब्बीची काढणी झाल्यावर एप्रिल-मे महिन्यांत शिवार उघडे पडते, वाऱ्याला अडविणारे काही उरत नाही, आणि नेमके तेव्हाच वळवाची वादळे येतात. वर्षभराच्या सरासरीवर आखलेला आराखडा हे दोन महिने विसरतो.

तिसरी गोष्ट मातीची. काळ्या कसदार जमिनी उन्हाळ्यात आक्रसतात आणि त्यांना भेगा पडतात, हे सांगण्यासाठी तज्ज्ञाची गरज नाही. या भेगा काँक्रीटच्या पायाभोवतीही पडतात. पायाच्या बाजूंना माती टेकलेली असते तोवर ती त्याला उलथण्यापासून अडविते. फट पडली की तो आधार जातो आणि ठोकळा बराचसा स्वतःच्या वजनावर उभा राहतो. वर केलेला ताशी ७२ किलोमीटरचा हिशेब तेव्हा पुस्तकी राहत नाही. वातविवरातील प्रतिकृती पोलादी बैठकीवर घट्ट बसविलेली असते. तिचा भार अचूक मोजला जाईल, पण मे महिन्यातील रेगूर तिला ठाऊक नसते. वारा आणि माती यांचा एकत्र विचार करण्याची तयारी व अनुभव ज्या संस्थांकडे आहे त्या कृषी विद्यापीठे आणि कृषी संशोधन संस्था याच होत.

गावाच्या हाती वाऱ्याची जी माहिती असते तिच्याविषयीही स्पष्ट बोलणे भाग आहे. कृषी हवामान वेधशाळेतील कपांचा वेगमापक जमिनीपासून साधारण तीन मीटरवर असतो आणि त्यावरून मुख्यतः सरासरी वेग नोंदला जातो. बाष्पीभवन, सिंचन, फवारणी यांच्यासाठी तो योग्य आहे. ग्रामीण कृषी मौसम सेवेच्या मंगळवारी व शुक्रवारी निघणाऱ्या पत्रकातील वाराही याच जातीचा. ताशी आठ-दहा किलोमीटर सरासरीच्या दिवशी दुपारी वीस मिनिटे ताशी ७० किलोमीटरचे झपाटे येऊन गेले, तर दिवसाची सरासरी फारशी हलत नाही. सांगाडा मात्र तीन सेकंदांच्या झपाट्याने मोडतो. मानकातील मूलभूत वेग अशाच अल्पकाळच्या झपाट्याचा, दहा मीटर उंचीवरचा आणि पन्नास वर्षांच्या पुनरावृत्तिकालाचा असतो. बंगळूरुसाठी तो ३३ मीटर प्रतिसेकंद आहे, मुंबई व नागपूरसाठी ४४, भुवनेश्वरसाठी ५०. कृषी पत्रकातील आकडा आणि मानकातील आकडा एकाच तक्त्यात शेजारीशेजारी ठेवून ‘आमच्याकडे एवढा वारा नसतो’ असा निष्कर्ष काढणे चूक आहे, आणि ही चूक सुशिक्षितांकडूनच अधिक होते.

मानकाबद्दलही एक तक्रार आहे. भारतीय मानक ८७५, भाग ३ मध्ये जोखमीनुसार वेगाला गुणण्याचा एक गुणांक दिला आहे. सर्वसाधारण इमारतींसाठी तो १ आहे. कोसळल्यास जीविताला व मालमत्तेला कमी धोका असलेल्या बांधकामांसाठी, २५ वर्षांचे आयुष्य धरून, तो ०.९४ ते ०.८९ इतका कमी आहे. या वर्गात उदाहरण म्हणून जंगलातील एकाकी मनोरे आणि त्यांच्या शेजारी निवासी नसलेल्या शेतीच्या इमारती नमूद केल्या आहेत. ४४ मीटर प्रतिसेकंदाच्या पट्ट्यात हा गुणांक ०.९१ आहे. वेगाचा वर्ग होत असल्याने भार सुमारे १७ टक्क्यांनी कमी धरला जातो. रिकाम्या गोठ्याला किंवा कडब्याच्या शेडला ही सवलत समजू शकते. पण काचेच्या शेकडो तुकड्यांनी मढविलेली, वाफेच्या नळीला जोडलेली, जिच्याभोवती दिवसभर दहा-बारा माणसे वावरतात आणि जिच्यावर बँकेचा बोजा आहे, अशी तबकडी केवळ शेतात उभी आहे म्हणून ‘शेतीची इमारत’ ठरावी काय? मानक तसे सांगत नाही, पण तसा अर्थ लावण्यास वाव ठेवते, आणि खर्च कमी दाखविण्याची निकड असलेला पुरवठादार तो लावणारच. अनुदान देणाऱ्या यंत्रणांनी आपल्या तांत्रिक अटींत हा गुणांक १ च धरावा असे लिहिणे एका ओळीचे काम आहे.

याहून मोठे काम चाचणीचे. शेफलर तबकडीचा आराखडा गावच्या कारागिराला बनविता यावा याच हेतूने तयार झालेला आहे आणि हीच तिची थोरवी आहे. मात्र ती हेलिओस्टॅटसारखी सपाट नाही आणि पूर्ण सममित अन्वस्तही नाही. अन्वस्ताचा तो बाजूचा तुकडा आहे, सांगाडा लवचिक आहे, आणि ऋतूप्रमाणे तिची वक्रता बदलावी लागते. सपाट फळीचा गुणांक तिला जसाच्या तसा लावणे हा अंदाज आहे. मध्य प्रदेशातला किंवा ओडिशातला फॅब्रिकेटर तो अंदाजही करीत नाही. तो मागच्या वेळी वापरलेला अँगल पुन्हा वापरतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याच्या हाती तक्ताच नाही.

खर्चाचा आक्षेप येईल. वातविवरातील चाचणी महाग असते हे खरे, परंतु ती प्रत्येक आरशाची करावयाची नसते. एका आकाराची एकदा केली की त्या आकाराच्या सर्व आरशांना तिचा उपयोग होतो. गावपातळीवर वापरात येणारे आकार असे किती? सोळा चौरस मीटरची तबकडी, एक-दोन लहान तबकड्या, लहान पन्हळी आरसा, आणि शुष्ककाच्या पेटीला जोडलेले सपाट परावर्तक. सीमास्तराची नक्कल करणारी वातविवरे देशात आहेत : रुडकीच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत आहे, चेन्नईच्या संरचना अभियांत्रिकी संशोधन केंद्रात आहे. कृषी क्षेत्रातील ऊर्जेवर अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प वर्षानुवर्षे चालू आहे, भोपाळला केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था आहे, जोधपूरला शुष्क प्रदेशाची संस्था आहे. या दोन बाजूंनी एकत्र बसून दोन वर्षांचा कार्यक्रम आखावा आणि निष्कर्ष शोधनिबंधात ठेवून न देता भारतीय भाषांत तक्त्यांच्या रूपाने खुले करावेत : अमुक पट्टा, अमुक आकार, अमुक माती, तर खांब इतका, पाया इतका, बोल्ट इतके.

संगणकावर हवेचा प्रवाह सोडवून हे काम स्वस्तात होईल, असेही सांगितले जाते. सरासरी भारापुरते ते बरेचसे खरे आहे. क्षणिक कमाल भाराचा भरवसा मोजमापाशी पडताळल्याशिवाय धरता येत नाही.

वातविवरालाही मर्यादा आहेत आणि त्या झाकून ठेवू नयेत. जमिनीपासून दोन-तीन मीटरवरच्या लहान वस्तूची प्रतिकृती करताना नैसर्गिक वाऱ्यातील मोठे भोवरे त्याच प्रमाणात लहान करून बोगद्यात मावत नाहीत. वळवाच्या वादळात ढगातून थंड हवा कोसळून जमिनीवर पसरते, तेव्हा वेगाची उंचीनुसार होणारी वाढ नेहमीच्या सीमास्तरासारखी नसते. साधारण वातविवर ही स्थिती दाखवीत नाही. यावर उपाय जेन्सन यांच्या छोट्या घराचाच. काळ्या जमिनीवरच्या एखाद्या कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर पूर्ण आकाराची एक तबकडी उभारावी, तिच्या पायात बलमापक बसवावेत, तिच्याच उंचीवर झपाटे नोंदविणारा वेगमापक ठेवावा, आणि दोन उन्हाळे नोंदी घ्याव्यात. बोगद्यातील आणि रानातील आकडे मग एकमेकांना तपासतील.

वारारोधक झाडांचाही विचार याच प्रयोगात व्हावा. पश्चिम-नैर्ऋत्येला झाडांची अर्धसच्छिद्र रांग असेल तर तिच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत वारा चांगलाच मंदावतो. सावली आरशावर पडणार नाही इतके अंतर राखणे मात्र आले. भिंतीसारखी दाट रांग तितकी उपयोगी नसते, कारण तिच्यामागे भोवरे उठतात. (कीटकांच्या दृष्टीने या आडोशाला दुसरी बाजू आहे. ट्रेव्हर लुईस यांनी इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकात दाखविले की, वारारोधकामागच्या शांत हवेत फुलकिडे, मावा यांसारखे लहान उडते कीटक साचतात. आरसा त्या पट्ट्यात ठेवण्यास हरकत नाही. रोपवाटिका ठेवताना मात्र विचार करावा.)

हे सारे होईपर्यंत प्रस्ताव येतच राहतील आणि त्यांवर सही करावी लागेल. तोवर विस्तार कार्यकर्त्याने पुरवठादाराकडून वाऱ्याच्या भाराचा हिशेब लेखी मागावा. त्यात वेग झपाट्याचा धरला आहे की सरासरीचा, तो कोणत्या उंचीवरचा आहे, आरसा काम करतानाच्या स्थितीत धरला आहे की आडवा, जोखीम गुणांक किती घेतला आणि पायासाठी माती कोणती गृहीत धरली, हे लिहिलेले असावे. हिशेब नसेल तर तसे टिपणात नोंदवावे. यंत्रणा सुपूर्द करून घेताना वीज बंद करून एकाच व्यक्तीला आरसा आडवा करावयास सांगावे आणि घड्याळ लावावे. आधीच उभ्या असलेल्या आरशांची पाहणी शक्यतो मे महिन्यात, वळवाच्या आधी करावी. पायाभोवती माती सुटून फट पडलेली दिसली, तर ती मुरूम ठोकून भरून घ्यावी, आणि भरण्यापूर्वी फटीत पट्टी धरून तिची रुंदी व खोली दाखविणारे छायाचित्र अहवालास जोडावे.